बंद म्हणजे नक्की काय करू?

त्या कचेरीत ‘बंद’ या शब्दाला काडीची किंमत नव्हती. माणूस फोन करायचा, जीव तोडून म्हणायचा, ‘बंद करा हो ते एकदाचं,’ आणि इकडून साखरेत घोळलेल्या आवाजात विचारलं जायचं, ‘बंद म्हणजे नक्की काय करू, सर?’ झालं. माणूस तिथेच गार. बंद म्हणजे बंद, दुसरं काय असतं? पण धाकटीच्या समोर पडद्यावर पाच बटणं होती, पाचही इंग्रजी, आणि त्यातली चार माणसाला पुन्हा आत ढकलण्यासाठी बनवलेली.

धाकटी हे तिचं नाव नव्हे. घरात दोन सुना, त्यातली ही धाकटी, म्हणून धाकटी. कचेरीतही तेच चिकटलं, कारण तिच्या टेबलाचा साहेब तिचा थोरला दीरच होता. सगळ्यांच्या देखत ‘ए धाकटे’ म्हणून हाक मारायचा आणि मग आठवण झाली की ‘मॅडम’ म्हणायचा. ती त्याला घरी भाऊजी म्हणायची आणि इथे सर. सकाळी ज्या माणसाला चहा द्यायचा, त्यालाच तासाभराने ‘गुड मॉर्निंग सर’. नोकरी त्यानेच लावून दिली होती. जायची यायची गाडी त्याचीच. तेव्हा धाकटी घरातून निघायची ती घरातच पोचायची, फक्त खोली बदलायची.

कंपनीचा धंदा असा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी भिंतीवर एक डबी बसवायची. रोज सकाळी डबी वाजते आणि आतली बाई विचारते, ‘आपण ठीक आहात ना? ठीक असाल तर हिरवं बटण दाबा.’ दाबलं की डबी गप्प. नाही दाबलं तर वाजत राहते, आणि मग कंपनीची गाडी येते, गाडीतून दोन पोरं येतात, आणि त्यांना दार फोडायची परवानगी असते. डबीची वायर उपटली तरी तेच, कारण यंत्राला वाटतं की आतलं माणूस पडलं. सोय चांगलीच होती. पाय घसरून पडलेल्या कितीतरी म्हाताऱ्या या डबीने वाचवल्या, खोटं कशाला बोला. फक्त म्हातारी मेल्यावर डबीचं काय करायचं, हा विचार कंपनीने केला नव्हता असं म्हणवत नाही. केला होता. डबी भिंतीवर आहे तोवर महिन्याचं भाडं चालू, असा नीट, थंड डोक्याने केला होता, आणि म्हणून तर धाकटीचं टेबल होतं.

टेबलावर बसवण्याआधी या पोरींना शिकवायला एक टायवाला मास्तर आला होता. पोरींनी त्याचं नाव डिक्शनरी ठेवलं. माणूस शिकवायचा मात्र फक्कड. ‘बघा,’ म्हणाला, ‘तुमच्या बोलण्यात सगळ्याला एकच, संपलं. इंग्रजीत तसं नाही. स्टॉप म्हणजे चालतं ते थांबलं. बस थांबते, बस संपते का? नाही, परत सुटते. फिनिश म्हणजे आपण हाताने काम तडीला नेलं. एंड म्हणजे शेवट आला, कुणी आणो न आणो. रस्त्याला एंड असतो, रस्ता काही फिनिश करत नाही कुणी. क्लोज म्हणजे दार लावलं. आत सामान जसंच्या तसं, माणसंसुद्धा असतील. आणि टर्मिनेट म्हणजे मुळासकट. परत जोडायला दोरासुद्धा शिल्लक नाही.’

धाकटीला ते इतकं आवडलं की रात्री भांडी घासताना ती एकेक शब्द ताटासारखा उलटसुलट करून बघत बसली. आपलं काय झालंय, ते यातल्या कुठल्या शब्दात बसतं? कुठल्याच बसेना.

आणि शेवटच्या दिवशी डिक्शनरीने टाय सैल केला आणि सांगितलं, की हे जे मी शिकवलं ते ग्राहकाला कधीही सांगायचं नाही.

नियम असा होता. पॉज दाबलं की डबी काही आठवडे झोपते आणि मग आपण होऊन जागी होते. गावाला जाणाऱ्यांसाठी. स्टॉप दाबलं की आजची घंटा थांबते, उद्याची उद्या. एंड म्हणजे हा फोन झाला. क्लोज म्हणजे तक्रार मिटली, डबी तिथेच. डबी खरोखर जायची तर टर्मिनेट, आणि ते बटण तेव्हाच दाबायचं जेव्हा ग्राहक आपल्या तोंडाने, आपण होऊन, रेकॉर्डिंगवर तोच शब्द म्हणेल. बंद करा, काढून न्या, नको, पुरे, हात जोडतो, पाया पडतो, यातलं काहीही म्हणाला तरी पॉज. शब्द त्याच्या ओठांतून पहिल्यांदा आला पाहिजे. आपण त्याच्या ओठांवर ठेवायचा नाही. कोणत्या म्हातारीचा मुलगा आपण होऊन ‘टर्मिनेट’ म्हणतो? कुणाच्या बापाने म्हटलं होतं?

धाकटीच्या शेजारी एक बडबडी बसायची. मनाने वाईट नव्हती, पण तोंडाला फाटक नव्हतं. एक दिवस चहाच्या वेळी सांगायला लागली, ‘अगं, आज एकाने कमाल केली. म्हणतो, बाई, आई एक्स्पायर झाली. मी पडद्यावर बघितलं आणि म्हटलं, नाही सर, अजून झाली नाही, पुढच्या वर्षापर्यंत व्हॅलिड आहे.’

सगळ्या पोरी फिदीफिदी हसल्या. धाकटीही हसली. चहा नाकात गेला तिच्या.

‘मग काय केलंस?’

‘काय करणार? पॉज.’

तो माणूस चष्म्याचा दुकानदार होता. दुकान आवरता आवरता फोन करायचा, मागे काचेच्या कपाटाची दारं सरकल्याचा आवाज यायचा, म्हणून पोरी त्याला चष्मेवाला म्हणायच्या. आई गेल्यावर तो आईच्या घरात राहायला आला होता. घराबरोबर डबीही आली. पॉज संपला की डबी वाजायची, ‘आपण ठीक आहात ना?’ आणि चष्मेवाला उठून, दात घासायच्या आधी, मेलेल्या आईच्या वतीने हिरवं बटण दाबायचा. मग कचेरीला फोन. या खेपेला बडबडी, पुढच्या खेपेला धाकटी, त्यापुढे तिसरी. सगळ्यांनी आळीपाळीने त्याच्या आईला झोपवलं होतं आणि सगळ्यांनी आळीपाळीने उठवलं होतं.

आता धाकटीचं घर.

तिचा नवरा दुसऱ्या शहरात होता. ‘कामासाठी,’ असं घरात म्हणायचे. तिथे त्याची दुसरी बाई होती आणि तिच्यापासून मुलगी होती, हे सासूबाईंना माहीत होतं, भाऊजींना माहीत होतं, थोरल्या जावेला माहीत होतं, आणि दूध टाकणाऱ्यालासुद्धा माहीत असेल. पण घरात त्याला नाव नव्हतं. ‘जरा लांब आहे’ म्हणायचे. ‘सध्या जमत नाहीये दोघांचं’ म्हणायचे. त्याचा फोन आला की सगळ्यांच्या हातांतून फिरत फिरत शेवटी धाकटीच्या कानाला लागायचा. तो विचारायचा, ‘ठीक ना?’ ती म्हणायची, ‘ठीक.’ झालं. त्या एका शब्दावर पुढचे कित्येक दिवस घर निर्धास्त.

तिने एकदा हिय्या करून भाऊजींना गाठलं होतं. गाडीतच, कचेरीतून येताना.

‘भाऊजी, मला हे संपवायचंय.’

भाऊजींनी आरशात बघितलं, गाडी हळू केली आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, ‘संपवायचंय म्हणजे नक्की काय करायचंय तुला?’

धाकटीच्या घशात शब्द आला. घटस्फोट. साधा शब्द, रोज पेपरात येणारा. पण तो घशाशी येऊन आडवा झाला. त्या घरात तो शब्द कधी कुणी उच्चारला नव्हता. ती गप्प बसली, आणि गप्प बसली म्हणजे प्रश्न मिटला असं धरलं गेलं.

‘घाई करू नकोस,’ भाऊजी म्हणाले. ‘मी बोलतो त्याच्याशी. तोवर तू काही मनात आणू नकोस. आईंचे गुडघे बघतेस ना, तुझ्याशिवाय त्यांचं पान हलत नाही.’

घरी आल्यावर सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, म्हणजे गाडीतलं घरी आधीच पोचलं होतं. ‘माझी लेकच आहेस तू,’ म्हणाल्या. लेकच असती तर अशा जावयाला चपलेने मारला असता त्यांनी. पण हे धाकटी मनात म्हणाली.

धाकटीला एक थोरली बहीण होती, शिवणकाम करायची, दुकानावरच एका खोलीत राहायची. ती सडेतोड. ‘ये,’ म्हणाली होती, ‘अर्धी खोली तुझी. पण रडायला म्हणून येऊ नकोस आणि परत जायला म्हणून तर अजिबात येऊ नकोस. तोंड उघड, शब्द टाक आणि मग ये.’

शब्दच तर टाकता येत नव्हता.

मग तो दिवस उजाडला. चष्मेवाल्याचा फोन धाकटीलाच लागला. नेहमी दुकानातून बोलायचा, आज मागे दुकान नव्हतं. कुणीतरी ठोकाठोक करत होतं.

‘बोला सर, मी आपली काय मदत करू शकते?’

‘बाई, ते बंद करा.’

धाकटीचं तोंड सवयीनं चालू झालं. ‘बंद म्हणजे नक्की काय करू, सर?’

पलीकडे माणूस हसला. बरं नव्हतं ते हसणं.

‘तुम्ही लोक दर वेळी हेच विचारता. ऐका. आज मी बटण दाबलं नाही. म्हटलं, बघू या काय होतंय. वाजू दिली. उशी घेतली कानावर आणि पडून राहिलो. तर तुमची गाडी आली. पोरांनी दार फोडलं. सुतार बसवतोय आता, ऐकू येतंय ना? दोघं आत शिरले आणि आईच्या नावाने हाका मारायला लागले. आजी, आजी, घाबरू नका, आम्ही आलोय. मोरीत बघितलं, पलंगाखाली बघितलं. आणि मी पलंगावर बसलोय, बनियनवर. मला विचारतात, आजी कुठे आहेत?’

धाकटीने विचारू नये ते विचारलं. ‘मग काय सांगितलंत?’

‘सांगितलं, बाहेर गेल्यात.’

सुताराची ठोकाठोक थांबली, पुन्हा सुरू झाली.

‘का असं म्हणालो कुणास ठाऊक,’ तो म्हणाला. ‘पोरं बिचारी इतक्या आशेने बघत होती. पण बाई, दर वेळी माझी आई ठीक असल्याचं मी कळवतो तुम्हाला. ती ठीक नाहीये. ती मेलीय. मला एकदा तरी एखाद्या सकाळी ते कबूल करू द्या की!’

धाकटीचा हात पॉजवर होता. समोर काचेची केबिन, केबिनमध्ये भाऊजी, मान खाली घालून काहीतरी वाचत असलेले. बाहेर गेल्यात. जरा लांब आहेत. सध्या जमत नाहीये. सगळं एकाच कारखान्यातून आलेलं.

‘सर,’ ती म्हणाली, ‘मी सांगते तो शब्द म्हणा. टर्मिनेट.’

‘काय?’

‘टर्मिनेट. तुम्ही म्हणा, म्हणजे डबी जाईल.’

‘एवढंच?’

‘एवढंच.’

चष्मेवाला आभार मानेल असं तिला वाटलं असेल, तर ती चुकली. तो पिसाळला. ‘एवढंच होतं? एक शब्द? इतके दिवस तुम्हा सगळ्यांना ठाऊक होता? आणि मला दर वेळी विचारत होतात, नक्की काय करू? लाज नाही वाटत? तुमची आई मेली की कळेल!’ आणि मग एक शिवी, आणि मग, दात खाऊन, ‘टर्मिनेट!’

धाकटीने बटण दाबलं. बडबडी तिच्याकडे डोळे फाडून बघत होती. ‘मेलीस तू,’ ती कुजबुजली. ‘रेकॉर्ड झालंय सगळं.’

‘होऊ दे.’

चांगलंच रेकॉर्ड झालं होतं. थोड्याच वेळात केबिनमधून बोलावणं आलं. धाकटीला भीती वाटत होती, पण खरं सांगायचं तर भीतीच्या खाली आनंदाची एक हलकी उकळी होती. हाकलतील. हाकललं की गाडी नाही, गाडी नाही की सकाळचा ‘सर’ नाही, एक धागा तुटला की बाकीचेही उसवतील.

भाऊजींनी तिला बसायला सांगितलं. पाणी पुढे केलं.

‘दमलीयेस तू.’

‘मला काढताय ना?’

‘काढू?’ भाऊजींना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. ‘घरच्या माणसाला काढतं का कुणी? लोक शेण घालतील माझ्या तोंडात. हे बघ, तो चष्मेवाला मी पॉजवर टाकलाय. रेकॉर्डिंगमध्ये तो शब्द आधी तुझ्या तोंडून आलाय, त्याच्या नाही. असं धरत नाहीत. काही बिघडलेलं नाही. तूही आठ दिवस घरी थांब. आईंच्या जवळ बस. मन शांत झालं की ये परत, तुझी खुर्ची कुठे जात नाही.’

काही बिघडलेलं नाही. खुर्ची कुठे जात नाही. धाकटीने त्या ग्लासकडे बघितलं. पुढच्या महिन्यात कुठल्यातरी सकाळी डबी पुन्हा विचारणार, आपण ठीक आहात ना. आणि आठ दिवसांनी ती स्वतः पुन्हा गाडीत मागे बसणार.

‘भाऊजी,’ ती म्हणाली. ‘मला घटस्फोट हवाय.’

आला. आडवा झाला नाही, अडकला नाही, अगदी भाजी निवडताना बोलावं तसा आला. तिलाच नवल वाटलं.

भाऊजींनी आधी केबिनच्या दाराकडे बघितलं. ‘हळू बोल.’

‘आणि ही नोकरी पण नको.’

‘अगं, असं तडकाफडकी... विचार करायला थोडा वेळ घे. आम्हाला तुला गमवायचं नाहीये.’

धाकटी हसली. मोठ्याने हसली. कारण हे वाक्य तिच्या टेबलावर काचेखाली चिकटवलेलं होतं, शब्दन् शब्द. ग्राहक चिडल्यास म्हणायचं वाक्य. भाऊजींना आपण ते म्हणतोय याचा पत्ताही नव्हता. इतकी वर्षं म्हणून म्हणून ते त्यांचंच झालं होतं. बायकोशी भांडण झालं तरी हेच म्हणत असतील.

ती उठली ती सरळ आपल्या खुर्चीवर. हेडफोन चढवला आणि चष्मेवाल्याला फोन लावला. भाऊजी काचेआडून उठताना दिसत होते.

‘सर, मी कंपनीतून बोलतेय. तुमची डबी अजून गेलेली नाही. आता मी एक अक्षर सांगणार नाही. तुम्हीच बोला. आधी तुम्ही बोला.’

पलीकडे ठोकाठोक चालूच होती. मग चष्मेवाला सुतारावर ओरडला, ‘अरे थांब जरा!’ आणि मग फोनमध्ये असा ओरडला की बडबडीच्या रिकाम्या खुर्चीपलीकडच्या पोरीलाही ऐकू गेलं. ‘टर्मिनेट! टर्मिनेट! ऐकलंत का? आई मेली माझी! टर्मिनेट!’

‘ऐकलं, सर.’

तिने बटण दाबलं. आता शब्द त्याच्या तोंडून पहिला आला होता, नियमात बसवून. भाऊजी खुर्चीपाशी पोचले तेव्हा पडद्यावर त्या म्हातारीचं नाव राखाडी होऊन खाली सरकत होतं. आजूबाजूच्या सगळ्या पोरींनी हेडफोन एका कानावरून सरकवले होते.

धाकटीने गळ्यातलं कार्ड काढलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. टाळ्या पडाव्यात असंच ठेवलं, खोटं कशाला बोला. पिशवी उचलली, ताठ मानेने त्या लांबलचक खोलीतून चालत दारापर्यंत गेली आणि दार ढकललं.

दार उघडेना.

उघडणार कसं? ते कार्डावर चालायचं. आत यायला कार्ड, बाहेर जायला कार्ड. एवढी वर्षं रोज लावलेलं कार्ड तिने आत्ताच दिमाखात देऊन टाकलं होतं. पाठीमागे कुणीतरी खुदकन हसलं. तिचे कान तापले.

भाऊजी हळूहळू चालत आले. कार्ड पुढे केलं, दोरीला धरून. ‘घे. घाल गळ्यात. मग जा कुठे जायचं ते. उद्या बोलू.’

ते कार्ड हवेत झुलत होतं. घेतलं तर दार उघडतं आणि घेतलं तर काहीच संपत नाही. तिने दोन्ही हात पिशवीच्या बंदात अडकवले.

‘तुम्ही लावा दाराला.’

‘मी का लावू?’ भाऊजी म्हणाले, आणि तसेच उभे राहिले.

‘मग कुणीतरी येईलच बाहेरून.’

ती दाराला खेटून उभी राहिली. शाळेत शिक्षा केलेल्या पोरीसारखी. पिशवीतला फोन वाजला. सासूबाई.

‘अगं, येताना माझं गुडघ्याचं मलम आण.’

‘आई, मी येत नाहीये.’

‘म्हणजे? उशीर होणारेय का?’

‘नाही. येणारच नाही. ताईकडे चाललेय, कायमची. भाऊजींना सांगितलंय, तुम्हालाही सांगते, मला घटस्फोट हवाय.’

फोनमध्ये मागे टीव्ही चालू होता. कुणीतरी कुणालातरी हसवत होतं.

‘बरं,’ सासूबाई म्हणाल्या. ‘मग तुझं जेवण झाकून ठेवते.’

धाकटीने डोळे मिटले. भाऊजी अजून कार्ड धरून उभे होते, त्यांचा हात आता भरून आला असणार. दाराच्या काचेपलीकडे जिन्यात पावलं वाजली. खाली पानाच्या टपरीवर गेलेली बडबडी परत येत होती. नेहमी उशीर करायची आणि नेहमी शिव्या खायची. तिने बाहेरून कार्ड लावलं, दार उघडलं, समोर धाकटी, मागे साहेब, आणि साहेबांच्या हातात लोंबणारं कार्ड.

‘अगंबाई,’ बडबडी म्हणाली. ‘सुटलीस?’

‘अजून नाही,’ धाकटी म्हणाली. ‘बाजूला हो आणि दार धर.’